उसनी शिवी आणि तिचं वजन

सोलापुरात दाजी पेठेतल्या माझ्या मित्राच्या घरी पुढच्या खोलीत दोन माग धडधडत असायचे आणि मागच्या पडवीत त्याची अव्वा, म्हणजे आजी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची. मी तेव्हा चौथीत होतो. मागाच्या आवाजात साधं बोललेलं ऐकू जात नाही, त्यामुळं त्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. एके दिवशी मित्रानं माझी गोटी लंपास केली आणि मी त्याच्याकडूनच शिकलेला शब्द त्याच्या अंगावर फेकला, "येदवा!" अव्वाचे हात थांबले. ती रागावली नाही. तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत एवढंच म्हणाली, "माझं नाव त्याला कशाला ठेवतो रे?"

मला वाटलं, अव्वाचं नाव येदवा आहे. पुढं कितीतरी वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

परक्या भाषेतली शिवी तोंडात इतकी पटकन का बसते, आणि तिचा अर्थ कळायला मात्र कधी कधी अख्खं पुस्तक का वाचावं लागतं, हे मला इथं सांगायचं आहे. मेंदूचा अभ्यास करणारे, भाषेचा अभ्यास करणारे आणि माणसांच्या चालीरीती अभ्यासणारे अशा तिघांनी या प्रश्नाची वेगवेगळी टोकं धरलेली आहेत. ती टोकं जुळवायला सोलापूरसारखं गाव नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून आलेली कन्नड, विजापूर वेशीकडची दखनी उर्दू, आणि या सगळ्यांना बांधणारी मराठी. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभं राहून नावं मोठ्यानं वाचली तरी शहराचं बोलणं कळतं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेलेली ही चार माणसं चार प्रकारच्या घरांतून आली होती.

अशा गावात पोरं दुसऱ्याची भाषा शिकतात तेव्हा त्या शिकण्याला एक ठरलेला क्रम असतो. आधी जेवणाची चौकशी: तेलुगूत "तिन्नावा?", कन्नडात "ऊटा आतेनु?". मग आकडे, कारण गोट्या आणि पैसे मोजायचे असतात. आणि लगेच शिव्या. व्याकरण कधीच येत नाही. मला आजही तेलुगूत धड एक पत्र लिहिता येणार नाही, पण शिव्या मात्र अस्सल उच्चारात येतात. हे फक्त माझ्या बाबतीत घडलेलं नाही. जिथं दोन भाषांची पोरं एकत्र वाढतात तिथं हेच होतं, आणि त्याला कारण आहे.

पहिलं कारण मेंदूत सापडतं. आपण वाक्य रचतो ते काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरनं एका रुग्णाची नोंद केली. त्याची वाचा गेली होती. काहीही विचारलं तरी तो "तां, तां" एवढंच म्हणायचा, म्हणून त्याला सगळे तां याच नावानं ओळखत. पण खूप चिडला की त्याच माणसाच्या तोंडून देवाच्या नावाची एक अख्खी फ्रेंच शिवी बाहेर पडायची. मेल्यानंतर त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा दिसली. वाक्य रचणारा कारखाना बंद पडला होता, आणि शिवी तरीही शाबूत होती. नंतरच्या अभ्यासातून हे जास्त स्पष्ट झालं. शिव्या, पाठ असलेले श्लोक, एक-दोन-तीन मोजणं हे सगळं आपण दर वेळी नव्यानं रचत नाही. ते घडी घालून ठेवलेलं असतं. त्यातही शिवीचा संबंध मेंदूच्या खोल भागांशी आहे, जिथं राग, भीती आणि सवयीच्या हालचाली सांभाळल्या जातात. उजव्या बाजूचाही त्यात हात असतो.

हे एवढ्यासाठी सविस्तर सांगतोय की आपल्या घराघरांत हा प्रसंग येतो. अर्धांगाचा झटका आलेल्या आजोबांना मुलाचं नाव घेता येत नाही, पाणी मागता येत नाही, पण शिवी स्वच्छ येते. घरातल्यांना लाज वाटते, नर्सबाईंची माफी मागितली जाते, "असे नव्हते हो कधी" म्हणून डोळे पुसले जातात. त्या माणसाचा स्वभाव बिघडलेला नसतो. त्याच्याजवळ जे शब्द वाचले आहेत ते तो वापरतोय. त्याच्यावर रागावू नका.

शिवीचा शरीराशी असलेला संबंध इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात फार साध्या रीतीनं तपासला गेला. रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. एकदा आवडीची शिवी पुन्हा पुन्हा म्हणत, आणि एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द म्हणत. शिवी म्हणताना हात जास्त वेळ पाण्यात राहिला. हा अभ्यास २००९चा. पुढं दोन गोष्टी आणखी कळल्या. जे दिवसभर उठता-बसता शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो, म्हणजे वापरून वापरून शिवीची धार जाते. आणि २०२०च्या अभ्यासात संशोधकांनी नव्यानं घडवलेले, शिवीसारखे वाटणारे दोन शब्द दिले तेव्हा दुखणं अजिबात कमी झालं नाही. फाडकन उच्चारल्यानं काही होत नाही. शब्दाच्या मागं आयुष्य लागतं.

ते आयुष्य कुठलं, याचं उत्तर आणखी एका अभ्यासात आहे. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना तारा लावून त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजला. मन हललं की तो बदलतो. मग दोन्ही भाषांतले शब्द त्यांना ऐकवले आणि दाखवले. शिव्या दोन्ही भाषांत परिणाम करत होत्या, पण मातृभाषेत जास्त. सगळ्यात मोठा फरक पडला तो शिव्यांमुळं नाही, तर लहानपणी आईबाप रागावताना वापरतात त्या वाक्यांमुळं, "लाज वाटत नाही का तुला" यासारख्या. ती तुर्कीत ऐकली की शरीर दचकायचं. तीच इंग्रजीत ऐकली की जवळजवळ काहीच नाही.

मला हे वाचल्यावर फार मोठं कोडं सुटल्यासारखं झालं. शब्दाचं वजन कोशात नसतं. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणाचा चेहरा समोर होता, कुणाचा हात उगारलेला होता, कोण रडत होतं, यातून ते वजन साठत जातं. माझ्या आईनं रागाच्या भरात "मुडद्या" म्हटलेलं आठवलं की आजही माझी पाठ ताठ होते. तोच शब्द माझ्या कन्नड मित्राला नुसता गमतीचा वाटतो. उलट त्याच्या घरात "बोळीमगा" म्हटलं तर वडील जेवणाच्या पानावरून उठून जातील, आणि मला तो एखाद्या ढोलाच्या ठेक्यासारखा वाटायचा. उसनी घेतलेली शिवी म्हणजे असा नुसता आवाज. म्हणून ती शिकायला सोपी, म्हणून ती मोठ्यानं म्हणायला मजा, आणि म्हणूनच ती धोक्याची. म्हणणाऱ्याला काही लागत नाही, ऐकणाऱ्याला सगळं लागतं. त्या दिवशी पडवीत हेच झालं होतं.

मग मित्र एकमेकांना शिव्या शिकवतात कशासाठी? आपल्या घरातली सगळ्यात झाकून ठेवलेली वस्तू पाहुण्याला आधी का दाखवायची?

रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० साली यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्यानं दाखवलं की जगभर काही नात्यांत एकमेकांचा अपमान करण्याची मुभा असते, आणि ऐकणाऱ्यानं राग मानायचा नसतो. मुभा म्हणण्यापेक्षा कधी कधी ती सक्तीच असते. जिथं जवळीकही आहे आणि ठिणगी पडायची शक्यताही आहे, तिथं ही सवलत दिली जाते. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. दीर-वहिनी, मेहुणे-मेहुण्या, आजोबा-नातू यांच्यात जे बोललेलं चालतं ते बाप-लेकात चालत नाही. शिमग्याला बोंब मारायची आणि शिव्या द्यायची मोकळीक होतीच. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. भांडण नाही, वैर नाही. वर्षभर कामाच्या ओझ्याखाली तोंड मिटून राहिलेल्या बायकांचा तो दिवस आहे.

सोलापूरचं "बे" याच जातीचं आहे. "काय करूलालास बे?" हे वाक्य सोलापुरी माणसाला कुठल्याही गावात ऐकू आलं की त्याला घर दिसतं. आमच्यात "बे" बंद झालं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. पण तेच "बे" मी पुण्यात पहिल्या नोकरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याला प्रेमानं लावलं आणि त्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मुभा नात्यातून मिळते, ती शब्दात भरलेली नसते. ते नातं अजून तयार झालेलं नव्हतं. शिवी शिकवणारा मित्र खरं तर ही मुभा देत असतो: माझ्या घराच्या आतल्या खोलीत तू येऊ शकतोस.

आता शिव्यांच्या आत काय असतं ते पाहू. इथं मला थोडं रेंगाळायचं आहे.

समाज ज्याला जपतो किंवा घाबरतो त्याच्यातून तो शिव्या बनवतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्यांच्या जड शिव्या म्हणजे चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं आहेत, पूजेचा पेला, वेदीवरची पेटी अशी. तिथं चर्चची पकड पिढ्यानपिढ्या फार घट्ट होती. डच लोक टायफस, क्षय, कॅन्सर असे रोग शिवी म्हणून वापरतात. हे ऐकून हसू येईल, पण "तुला पटकी येवो" म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना ते लगेच कळलं असतं. पटकी म्हणजे कॉलरा. ज्यांनी गावातली घरंच्या घरं ओस पडताना पाहिली त्यांच्या तोंडचा तो शाप आहे. आपण "शिव्याशाप" असा जोडशब्द वापरतो, तो नेमका आहे. शिवी माणसाला आत्ता खाली ओढते, शाप त्याचा उद्या खराब करतो. जपानीत काम आणखी वेगळ्या रीतीनं होतं. तिथं समोरच्याला "तू" म्हणण्याची बरीच रूपं आहेत, आणि चुकीचं रूप निवडणं हाच अपमान. "किसामा" हे रूप एके काळी आदराचं होतं, आता ते तोंडावर मारल्यासारखं लागतं.

प्राण्यांच्या शिव्यांवर एडमंड लीचनं १९६४ साली लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्यापासून फार लांबचे प्राणी शिवीत येत नाहीत. जे आपल्या ठरलेल्या कप्प्यांच्या मधे अडकतात, जसे धड घरातले नाहीत, धड रानातले नाहीत, ते जास्त येतात. मराठीत गाढव, कन्नडात कत्ते, तेलुगूत गाडिद. तिन्ही भाषांनी एकच प्राणी निवडला. नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे, पण "अरे माळढोका" असं सोलापुरात कुणी कुणाला म्हणत नाही. तो आपल्या उकिरड्यावर कधी आला नाही.

गाढवाची तर दगडावरची शिवी आहे. शिलाहार आणि यादवांच्या काळात राजानं जमीन दान दिली की तिथं एक दगड उभा करत. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, आणि खाली गाढव आणि बाई यांचं उघड चित्र. हे दान जो मोडेल त्याच्या आईवर गाढव पडो, असा त्याचा अर्थ. त्याला गद्धेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनाही चित्र कळायचं. जमिनीच्या कागदावर आज आपण दंडाचं कलम घालतो, त्या जागी तेव्हा शिवी होती. मला या दगडापाशी नेहमी एक प्रश्न छळतो. दान मोडणार तो पुरुष, आणि शिक्षा त्याच्या आईला का? ती बाई कोण होती, तिचं काय चुकलं, हे त्या लेखात कुठंच नसतं.

इथून मी अव्वाकडं परत येतो.

बारावीच्या सुट्टीत आम्ही चौघं रात्री भाकरी-शेंगाचटणी बांधून कंबर तलावाच्या काठी जाऊन बसायचो. एकदा कन्नड मित्राला विचारलं, बोळीमगामधली बोळी म्हणजे कोण? तो म्हणाला, जिचं डोकं भादरलंय ती. नवरा मेलेली. तिचा मुलगा म्हणजे बोळीमगा. तेलुगू मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, येदवा पण तेच आहे. नीट शब्द वेधव. विधवा.

मग माझी पाळी होती. मराठीत "रांडेच्या" ही शिवी आपण सगळेच ऐकत मोठे झालो. मला तिचा अर्थ वेश्येशी जोडलेला वाटायचा. पण संस्कृत रंडा म्हणजे विधवा, आणि मराठीतही रांड या शब्दाचा जुना अर्थ विधवा हाच आहे. बायको मेलेल्या पुरुषाला रंडका म्हणतात, विधवेला रंडकी, विधवापणाला रांडेव. नवरा नसलेली बाई म्हणजे कुणाचीही, हा संशय शब्दात हळूहळू मुरला आणि मग दोन्ही अर्थ एकच झाले. बोडकी हा मराठी शब्द बोळीच्या शेजारी ठेवून बघा.

तीन भाषा. त्यातल्या दोन द्राविडी, एक संस्कृतातून आलेली. व्याकरण वेगळं, लिपी वेगळी. पण पुरुषानं पुरुषाला खाली दाखवायचं झालं की तिघींनी बोट दाखवलं ते एकाच बाईकडं. ज्या जातींत केशवपनाची सक्ती होती त्या थोड्या. बाकीच्यांत पाट लावायची रीत होती, विधवेचा संसार पुन्हा उभा राहायचा. तरी शिवी सगळ्यांच्या तोंडी गेली. वरच्यांची शिवी खाली झिरपते, त्यांची जमीन झिरपत नाही.

आमचा उर्दू बोलणारा मित्र तोवर ऐकत होता. तो म्हणाला, आमच्यात "बेवा" म्हणून कुणी कुणाला शिवी देत नाही. विधवेचं दुसरं लग्न इस्लाममध्ये कधी निषिद्ध नव्हतं, पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा विधवाच होत्या. त्याच्या घरात सगळ्यात जड पडणाऱ्या शब्दात "हराम" आहे, धर्मानं मना केलेलं. "हरामी"मध्ये लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलावर बोट आहे. म्हणजे नेम बदलला, पण तिथंही शिवी त्यालाच लागली ज्याची काही चूक नव्हती.

त्या रात्री मला अव्वाचं वाक्य कळलं.

शब्दाचा अर्थ कळला तरी वजन कळायचं बाकी होतं. ते आम्हाला पुस्तकांनी दिलं, आणि पुस्तकांची देवाणघेवाण शिव्यांइतकी सोपी नव्हती. मी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' पुढं केली. १८९०च्या आसपासची ती कादंबरी यमूच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि शेवटी तिच्या केसांचं जे होतं ते वाचल्यावर "बोडकी" हा शब्द पुन्हा सहज तोंडात येत नाही. कन्नड मित्रानं एम. के. इंदिरा यांची 'फणियम्मा' सुचवली. ती १९७६ची. मलनाड भागातली एक बालविधवा, जिला लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत वैधव्य आलं. ती कडू होत नाही, साऱ्या गावाच्या कामाला येते. पुढं एक तरुण विधवा केशवपनाला नकार देते तेव्हा म्हातारी फणियम्मा तिच्या बाजूनं उभी राहते. मित्र रात्री एकेक प्रकरण वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला मराठीत सांगायचा. बोळीमगा शिकवणारा तोच, आणि बोळी कोण होती हे सांगणाराही तोच. उर्दूवाल्या मित्रानं इस्मत चुगताईंची 'लिहाफ' ही गोष्ट वाचून दाखवली आणि लाहोरच्या खटल्याची हकीकत सांगितली. गोष्टीवर अश्लीलतेचा आरोप होता. नेमका कुठला शब्द अश्लील, असं वकिलानं विचारल्यावर साक्षीदारानं बोट ठेवलं ते "आशिक" या शब्दावर. अख्ख्या गोष्टीत एक शिवी सापडली नाही.

तेलुगू मित्राची अडचण खरी होती. सोलापुरातल्या पुष्कळ तेलुगू घरांत भाषा कानातून आणि तोंडातून चालते, शाळा मराठीत होते. त्याला तेलुगू बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. शिव्या त्यानं भरभरून दिल्या होत्या, पुस्तक देता येत नव्हतं, आणि त्याला ते फार लागलं होतं.

वाट निघाली ती लिपीमुळं. कन्नड आणि तेलुगू या लिप्या सख्ख्या बहिणी आहेत, एकाच जुन्या लिपीतून फुटलेल्या, आणि बरीचशी अक्षरं आजही एकमेकींसारखी दिसतात. सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेल्या मित्राला तेलुगू अक्षरं अडखळत का होईना लावता यायची. अर्थ कळायचा नाही. मग गुरजाड अप्पाराव यांचं 'कन्याशुल्कम' मिळवलं. तो अक्षरं उच्चारायचा, तेलुगू मित्र डोळे मिटून ऐकायचा आणि अर्थ मराठीत सांगायचा, मी लिहून घ्यायचो. एका पानाला कधी कधी तास जायचा. जुने शब्द आले की तेलुगू मित्र घरी जाऊन विचारून यायचा.

हे नाटक १८९२ साली विजयनगरममध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं. लहान मुलींना पैसे घेऊन म्हाताऱ्यांना देण्याच्या चालीवर ते आहे. त्यातली बुच्चम्मा तरुण विधवा आहे. आणि त्यात गिरीशम् नावाचा एक इंग्रजी फाडणारा भामटा आहे. तेलुगू जगात पाठ असलेलं या नाटकाचं शेवटचं वाक्य त्याच्याच तोंडी आहे. ते "डॅमिट!" या इंग्रजी शिवीनं सुरू होतं, आणि पुढं तो म्हणतो की कथा आडवी फिरली. बोटांना तारा लावून घाम मोजायच्या कितीतरी आधी एका लेखकाला हे नेमकं कळलं होतं. गिरीशम् इंग्रजीत शिवी देतो कारण त्या शिवीला त्याच्या अंगात मुळं नाहीत. ती दाखवायची वस्तू आहे, खिशातल्या घड्याळासारखी. आजही शुद्ध मराठी घरात वाढलेली मुलं आईसमोर इंग्रजी शिवी बिनधास्त देतात आणि मराठी शिवी गिळतात. ती निर्लज्ज झालेली नाहीत. इंग्रजी शब्द त्यांना लागतच नाही.

त्याच सुमारास आम्ही हत्तरसंग कुडलला गेलो होतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं संगमेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या तुळईवरचा शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा लेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्यातली मराठी ओळ सांगते, जो हे वाचील तो विजयी होईल. कन्नड मुलखाला लागून असलेल्या या टोकाला, एवढी जुनी मराठी, आणि ती वाचणाऱ्याला आशीर्वाद देते. आम्ही चौघंही त्या दगडाखाली बराच वेळ मान वर करून उभे होतो, आणि एकालाही ते अक्षर लागत नव्हतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. वाट्टेल तो शब्द मित्रत्वाच्या नावाखाली देता-घेता येतो असं मला म्हणायचं नाही. जातीची नावं शिवी म्हणून वापरली जातात, ती उसनी देण्याघेण्याची वस्तू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित करणं १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण कायद्याआधी साधी गोष्ट अशी, की थट्टेच्या नात्यात दोघांनाही उलट बोलायची सारखी मुभा लागते. ज्याला उलट बोलल्यावर विहीर बंद होते, काम सुटतं, घर जळतं, त्याच्याशी ती थट्टा होतच नाही. आमच्यातही एकदा एकाकडून असा शब्द गेला. चहा तसाच टाकून आम्ही उठलो होतो. तो परत यायला आठ महिने लागले, आणि येताना त्यानं माफीचे दोन शब्द आणले होते, पाठ केलेले नव्हते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्यामागं आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या एका सामाजिक संस्थेचा पुढाकार होता, आणि लगेच राज्य सरकारनं इतर गावांनीही असं करावं असं परिपत्रक काढलं. बातमी वाचून मी तेलुगू मित्राला फोन केला. बोलता बोलता विचारलं, अव्वाचं खरं नाव काय होतं बे? त्यालाही पटकन आठवेना. म्हणाला थांब, आणि नायनांना, म्हणजे वडिलांना, हाक मारत आत गेला.